मदत हवी आहे: माहीम सोडावं की नाही? पागडी, जुनी सोसायटी की डोंबिवली

नमस्कार मंडळी,

घराबद्दल सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे कुणाला अंदाजाने सांगावं लागणार नाही.

आम्ही माहीम पश्चिमेला भाड्याने राहतो. मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यामुळे त्यांना मे महिन्यात जागा परत हवी आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, इतकी वर्षं त्यांनी भाडं वाजवी ठेवलं. पण त्याच गल्लीत आता दुसरीकडे विचारलं तर जवळजवळ दीडपट सांगतात, डिपॉझिट वेगळं. नवरा म्हणतो, एवढं भाडं भरायचं तर हप्ताच भरू. मलाही पटतंय. पण कुठे घ्यायचं, यावर गाडी अडली आहे.

दोघांचा मिळून हातात येणारा पगार पावणेदोन लाख. बचत आणि सासऱ्यांच्या गावच्या जमिनीचा हिस्सा धरून ५० लाख जमतात. दुसरं कर्ज नाही.

पहिली जागा लेडी जमशेटजी रोडच्या आतल्या बाजूला, १९४० च्या आधीच्या सेसवाल्या (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) चाळीत. पागडीची खोली (म्हणजे पैसे मोजून घ्यायचा तो भाडेकरूचा हक्क), २२५ चौरस फूट, संडास मजल्याच्या टोकाला. मागणी ६८ लाख, त्यातला साधारण एक तृतीयांश हिस्सा चाळमालकाचा. बँक पागडीवर कर्ज देत नाही. एजंट म्हणतो निम्मी रक्कम रोख द्या, आणि "तीन वर्षांत टॉवर उभा राहतो, मग मालकीची जागा तुमचीच."

दुसरी जागा शीतलादेवीजवळ, सत्तरच्या दशकातल्या सोसायटीत. ३८० चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागणी १ कोटी ५५ लाख. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, बिल्डर ठरलेला नाही.

तिसरी डोंबिवली पूर्वेला. नवा टू बीएचके, लिफ्ट, पार्किंग, सगळं धरून ८० लाखांत.

नुसते आकडे पाहिले तर डोंबिवलीच घ्यावी, हे मला दिसतंय. तरी पाय निघत नाही, त्याचं कारण सांगते.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि आजही त्यांचा दिवस त्यांच्या हातात आहे. सकाळी एकट्या शीतलादेवीला जाऊन येतात. सिटीलाइटला गोपी टँक मंडईत त्यांची ठरलेली कोळीण आहे. ती बोंबील हातात घेऊन पोट दाबून दाखवते, "बघ आई, कडक हाय," आणि सुटे नसले तर पैसे उद्यावर. औषधाच्या दुकानातला मुलगा गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देतो, कारण त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांचा पाय मुरगळला. मी आणि नवरा दोघंही कामावर. शेजारच्या बोहरी कुटुंबातल्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं, आणि तळमजल्यावरच्या ईस्ट इंडियन आंटी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून राहिल्या. मला फोन आला तोवर एक्स-रे निघाला होता.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. पाणी सकाळीच, तेही ठरावीक वेळ. पार्किंगवरून रोज भांडणं. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला एवढी गर्दी की संध्याकाळी टॅक्सी माहीमला यायला तयार होत नाही. डिसेंबरात मखदूम शाह बाबांच्या उरुसाचे दिवस रात्री उशिरापर्यंत जागे. पण मुलगी त्या जत्रेतल्या पाळण्याची वर्षभर वाट बघते, आणि सासूबाई स्वतः गेल्या सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या चर्चमध्ये मेणाचं घर वाहून आल्या. नवऱ्याचं ऑफिस बीकेसीत, वांद्रे-कुर्ला संकुलात. मे २०२५ मध्ये मेट्रो ३ शीतलादेवीपर्यंत आल्यापासून तो जेवायच्या वेळेला घरी असतो. हे सगळं सोडून जायचं तर त्याची किंमत कशी धरायची, तेच मला कळत नाही.

पागडीची खोली कुणी अलीकडे घेतली आहे का? पुनर्विकासाच्या तोंडावर असलेल्या सोसायटीत घर घेताना कोणते कागद बघायचे? आणि शहरातून लांब गेलेल्यांनी, विशेषतः घरात वयस्कर माणूस असलेल्यांनी, खरं खरं सांगा, कसं गेलं?

— खाडीकाठ

जुनी_चाळ:
ताई, माझं सगळं आयुष्य पागडीच्या घरात गेलं, म्हणून पहिल्या जागेबद्दल सांगतो. पागडी बेकायदा नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ मध्ये भाडेकरूला जागा सोडताना आणि मालकाला संमती देताना पैसे घेता येतात. पण विकत घेता ती मालकी नसते, भाडेकरूचा हक्क असतो. त्यामुळे मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती, या दोन गोष्टींशिवाय एक रुपयाही देऊ नका. एजंट नुसत्या नोटरीच्या कागदावर भागवू बघतात, त्याला बळी पडू नका.

रोख रकमेचं तर डोक्यातूनच काढा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि उद्या वाद झाला तर त्या पैशाचा पुरावा तुमच्याकडे नसेल.

आता टॉवरचं. सेस इमारतीच्या, विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खालच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मालकीने मिळतं, हे खरं. पण कधी, ते कुणीच सांगू शकत नाही. आमच्या चाळीत मालकाच्या वारसांचं आपसात पटत नाही, म्हणून गाडा तिथेच रुतलाय. वारस किती, कोर्टात काही चालू आहे का, हे आधी बघा. सगळी पुंजी यात घालण्याच्या मी विरोधात आहे.

फाईल_उघडा:
दुसऱ्या जागेचा हिशेब मांडतो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे १ कोटी १६ लाख. तुमचे ३८ लाख ७५ हजार. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ९ लाख ३० हजार. हे बँक घराच्या किमतीत धरत नाही. नोंदणी ३० हजार, वर दलाली. तुमचे ५० लाख इथेच संपले, घरात पंखा लावायलाही उरले नाहीत. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिलांना १ टक्का सवलत आहे, दीड लाख वाचतात. नवऱ्याचं नाव सहखरेदीदार म्हणून आलं की ती जाते.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता लाखाच्या घरात जातो. तोही बँकेने २० वर्षं दिली तर. इमारत जुनी असली की बँक मुदत कापते. ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिकेच्या नियमाने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी लागते, तो अहवाल सोसायटीकडे मागा.

त्याशिवाय मालमत्ता पत्रक काढा आणि जमीन कोणाच्या नावावर आहे बघा. सोसायटीच्या नावावर नसेल तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालेलं नाही, आणि पुनर्विकास तिथेच अडकतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या पुनर्विकासाच्या प्रक्रियेत ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सभेची इतिवृत्तं वाचायला मिळाली तर सभासदांत किती फूट आहे ते लगेच कळतं. मला सगळ्यांत मोठी भीती वेगळीच आहे. काम सुरू झालं की तुम्ही भाड्याच्या घरात जाणार. बिल्डर ते भाडं देतो, देतो आणि एक दिवस थांबवतो. मग हप्ता आणि भाडं, दोन्ही तुमच्या पगारातून. पावणेदोन लाखांत ते झेपणार नाही.

रेती_बंदर:
तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाई ७४. एकदा पाय मुरगळल्यावर खुर्चीतून खाली न्यावं लागलं, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांचं देऊळ आणि मंडई टिकावी म्हणून घर घ्यायचं आणि जिन्यामुळे त्यांनीच घरात अडकायचं, असं होऊ देऊ नका. दर थोडा जास्त पडला तरी चालेल, पण पहिल्या मजल्याच्या वर बघूच नका.

दुसरं, टॉवर झाल्यावरचा मेंटेनन्स विचारात घ्या. आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला, जागा सुंदर मिळाली, आणि निवृत्त झालेल्या तीन घरांनी ती भाड्याने देऊन मुंबई सोडली. मासिक खर्चच परवडेना. त्यात आमच्या मजल्यावरच्या सुकट भाजणाऱ्या कोळी आजीही होत्या. नव्या शेजाऱ्यांनी वासाची तक्रार सोसायटीत केली होती, ती मला आजही खटकते. इमारतीत आत्ता कोण राहतं, तिथलं वागणं कसं आहे, हेही विचारून घ्या.

कल्याण_लोकल:
आम्ही दादर सोडून डोंबिवलीला आलो. खरं सांगते, आईला पहिलं वर्ष जड गेलं. घर मोठं, उजेड भरपूर, आणि तिच्याशी बोलायला माणूस नाही. नंतर सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ मिळालं आणि ती रुळली. आता ती परत जायचं नाव काढत नाही. मराठी वस्ती, नाटकं, वाचनालयं, या बाबतीत डोंबिवलीला नावं ठेवायला जागा नाही.

त्रास झाला तो माझ्या नवऱ्याला. बीकेसी म्हणजे कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा, आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारात उभं राहायलाही जागा मिळत नाही. आमची मुलगी झोपल्यावर तो घरी येतो. तुमच्या घरी तो जेवायच्या वेळेला असतो, हे वाचून मला भरून आलं. हे कमी समजू नका.

एक सुचवते. माहीममध्येच लहान जागा भाड्याने घ्या, पण अकरा महिन्यांचा नव्हे, तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या. मुलगी दहावी होईपर्यंत तुम्हाला शांतपणे शोधता येईल.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याला आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पागडी आम्ही सोडली. त्या एजंटला फोन करून नाही म्हणून कळवलं.

रेती_बंदर, जिन्याचा मुद्दा आईंना स्वतःलाच पटला. त्या म्हणाल्या, "वर चढून बसले की मंडई कोण करणार?" त्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावरचं एक घर विकायचं आहे असं वॉचमनकडून कळलंय. ३४० चौरस फूट आहे, किंमत अजून सांगितलेली नाही. शनिवारी सेक्रेटरींना भेटून ऑडिटचा अहवाल, मालमत्ता पत्रक आणि इतिवृत्तं मागणार आहोत. ते जमलं नाही तर तीन वर्षांच्या कराराने भाड्याची जागा बघू, तेही माहीममध्येच.

आता एकच विचारायचं राहिलं. बिल्डरने भाडं थांबवलं तर त्यातून वसूल होईल अशी बँक गॅरंटी करारात घालून घेतलेली सोसायटी कुणाच्या माहितीत आहे का? रक्कम कशी ठरवली आणि ती प्रत्यक्षात वापरता आली का, हे सांगितलंत तर शनिवारी सेक्रेटरींना विचारता येईल.