संकष्टीचा चंद्रोदय कधी साडेआठला, कधी सव्वादहाला: नाशिकसाठी हिशेब कसा मांडायचा?

गोदाकाठ

कॅलेंडरातल्या वर्षभराच्या संकष्टींच्या चंद्रोदयाच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या तर गणित जुळत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशीर होतो. म्हणजे चतुर्थीला तो सूर्यास्तानंतर ठरावीक वेळाने यायला हवा. प्रत्यक्षात भाद्रपदात साडेआठ-पावणेनऊ, आणि चैत्र-वैशाखात दहा वाजून जातात. या महिन्यांच्या सूर्यास्तात फरक जेमतेम १५-२५ मिनिटांचा. उरलेला तास कुठून येतो?

दुसरं, छापील वेळ मुंबईची असेल तर नाशिकसाठी सरसकट ४ मिनिटं वजा करणं बरोबर आहे का?

कृत्तिका_नाशिक

५० मिनिटं ही वर्षाची सरासरी आहे, रोजचा दर नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

चंद्र दिवसाला सरासरी १३.२ अंश पूर्वेकडे सरकतो, पण क्रांतिवृत्ताच्या (ताऱ्यांमधल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या) जवळून. क्रांतिवृत्त पूर्व क्षितिजाला नेहमी एकाच कोनात भेटत नाही. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे हा कोन बदलत राहतो. नाशिकचा अक्षांश २० अंश उत्तर. सप्टेंबरात संध्याकाळी मीन-मेषेचा भाग (सायन राशी म्हणतोय, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेल्या; पंचांगातल्या निरयन नाहीत) उगवतो तेव्हा कोन ९० − २० − २३.४, म्हणजे सुमारे ४७ अंश. मार्च-एप्रिलात कन्या-तूळ उगवते तेव्हा क्रांतिवृत्त जवळजवळ ताठ, सुमारे ८७ अंश.

आता १३ अंश सरकलेला चंद्र क्षितिजाखाली किती उतरला ते पाहा. ताठ मार्गावर जवळपास पूर्ण १३ अंश, तिरक्या मार्गावर फक्त साडेनऊ. पृथ्वीला तेवढंच कमी फिरावं लागतं. म्हणून कोजागरीच्या सुमारास रोजचा उशीर ४० मिनिटांच्या आसपास असतो आणि हनुमान जयंतीच्या सुमारास ५५. त्यात चंद्राचा वेगही बदलतो (पृथ्वीपासून दूर असताना दिवसाला ११.८ अंश, जवळ असताना १५ अंशांच्या वर), म्हणून नाशिकला प्रत्यक्षात साधारण ३५ ते ६५ मिनिटं असा पल्ला दिसतो.

संकष्टीचा अंदाज असा काढा. कृष्ण चतुर्थीला चंद्र सूर्यासमोरच्या बिंदूपासून ३६ ते ४८ अंश पुढे असतो, मध्यम ४२ धरा. प्रत्येक अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १६८. याला सप्टेंबरात ०.८ ने आणि एप्रिलात १.१ ने गुणा (वरची ४० आणि ५५ मिनिटं भागिले सरासरी ५०). उत्तर २ तास १४ मिनिटं आणि ३ तास ५ मिनिटं. नाशिकचा सूर्यास्त सप्टेंबरच्या मध्यात सुमारे ६:३७ आणि एप्रिलच्या मध्यात ६:५३. बेरीज केली की ८:५१ आणि ९:५८. तुमचा हरवलेला तास हा.

नोव्हेंबरात गुणक पुन्हा १ च्या आसपास जातो, तरी चंद्रोदय नऊच्या आसपासच राहतो, कारण सूर्यास्तच ५:५५ ला होतो. दोन कारणं एकमेकांना खातात.

तिथीवार

वरचा हिशेब पटतो, पण मध्यम ४२ अंश धरल्यामुळे एक मोठी गोष्ट झाकली गेली. संकष्टी धरायला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी चालू असावी लागते. ती नुकती लागलेली असो की संपत आलेली, दोन्ही चालतं. लागताच चंद्र उगवला तर अंतर ३६ अंश, संपताना उगवला तर ४८. या १२ अंशांचे भाद्रपदात ३८ मिनिटं आणि चैत्रात ५३ मिनिटं होतात. म्हणून एकाच ऋतूतल्या लागोपाठच्या दोन संकष्टींच्या वेळांत पाऊण तासाची तफावत दिसली तर कॅलेंडर चुकलंय असं समजू नका. आधी चतुर्थी कधी लागली आणि कधी संपते ते त्याच पानावर बघा. एक तिथी सुमारे २० तासांपासून २६-२७ तासांपर्यंत कितीही लांब असू शकते.

शिवाय चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेलं त्याचं अंतर. त्याची कक्षा क्रांतिवृत्ताशी ५ अंशांनी कललेली आहे. क्रांतिवृत्त ताठ असताना शराने जवळपास काहीच बदलत नाही, पण भाद्रपद-आश्विनात तिरका कोन असताना पूर्ण ५ अंशांचा शर चंद्रोदय १५ मिनिटांपर्यंत हलवतो. उत्तर शर असेल तर लवकर, दक्षिण असेल तर उशिरा. राहू-केतू (चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन बिंदू) १८.६ वर्षांत एक फेरी घेतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढून तुलना करण्यात अर्थ नाही.

अक्षांश२०

मुंबई-नाशिक दुरुस्तीबद्दल. रेखांशातला फरक जवळपास १ अंश, त्याची ४ मिनिटं बरोबर. पण नाशिक मुंबईपेक्षा १ अंश उत्तरेलाही आहे, आणि चंद्र विषुववृत्तापासून लांब असला की त्याची २ मिनिटं होतात. चंद्र उत्तरेकडे असेल (ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संकष्टी) तर ६ मिनिटं वजा करा, दक्षिणेकडे असेल (एप्रिल ते जून) तर २. बाकीच्या महिन्यांत ४. नागपूरची वेळ कुणी पाठवली तर निव्वळ रेखांशापोटी २१ मिनिटं मिळवावी लागतील.

हीच गोष्ट दिल्लीच्या बाबतीत फार ठळक होते. कोजागरीनंतरच्या संकष्टीलाच उत्तरेत करवा चौथ असते. टीव्हीवर दिल्लीचा चंद्र दाखवतात तेव्हा नाशिकला अजून अर्ध्या तासाहून जास्त अवकाश असतो. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वेळेवर उपास सोडायला गच्चीवर जाऊ नये.

दोन कॅलेंडरांत एकाच गावासाठी ४ मिनिटांचा फरक असेल तर बहुधा लंबनाचा प्रश्न असतो. आपण पृथ्वीच्या केंद्रातून नाही, पृष्ठभागावरून बघतो. चंद्र जवळ असल्यामुळे तो क्षितिजावर जवळपास १ अंश खाली दिसतो. ज्या हिशेबात हे सोडलेलं असतं, त्याची वेळ तेवढी लवकर येते.

गोदाकाठ

सूर्यास्त आणि गुणक घेऊन वर्षाचा तक्ता करतो. एक राहिलं. गंगापूर रोडला गच्चीवरून छापील वेळेला चंद्र दिसतच नाही. समोर पूर्वेला इमारत आहे, गच्चीपेक्षा १२ मीटर उंच, अंतर ८० मीटर. किती वेळ धरायचा?

कृत्तिका_नाशिक

१२ भागिले ८०, म्हणजे ०.१५; कोन साडेआठ अंश. नाशिकच्या अक्षांशावर चंद्राला एक अंश वर यायला सुमारे ४.४ ते ५ मिनिटं लागतात, तेव्हा ३७ ते ४३ मिनिटं धरा. मोजमाप नसेल तर हात सरळ ताणून मूठ धरा: एक मूठ १० अंश, मधली तीन बोटं ५, करंगळी १.

इमारत वर्षभर आड येईलच असं नाही. चंद्र उगवण्याची जागा पूर्वेपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत सरकते. नोव्हेंबरच्या संकष्टीला ईशान्येच्या बाजूला, मेमध्ये आग्नेयेच्या बाजूला बघा. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून कदाचित मोकळं मिळेल.

अक्षांश२०

त्र्यंबकच्या लोकांनी मात्र कोपरा बदलून उपयोग नाही, पूर्वेला अंजनेरी उभा आहे. निफाडकडे सपाटी असल्यामुळे छापील वेळ सगळ्यात जवळ जुळते, तीही धुरकं नसेल तर. क्षितिजालगतचे पहिले एक-दोन अंश धुळीत जातात, म्हणून मोकळ्या माळावरसुद्धा पाच-दहा मिनिटं थांबायची तयारी ठेवा.