विषय: दिवाळी कार्यक्रम – कराओके चालेल का?

सर्वांना नमस्कार,
यंदा वाद्यवृंद जमत नाहीये. तबल्याला माणूस आहे, पण पेटीवाले काका दिवाळीला पुण्यात असणार. गाणी कराओकेवर घ्यावीत असं समितीला वाटतं. हरकत असेल तर कळवा.
– समीर

---

समीर,
हरकत आहे. मागच्या खेपेला ट्रॅक पुढे आणि गाणारे धापा टाकत मागे, अशी गत झाली होती. साथीदार गाणाऱ्याला सांभाळून घेतो. यंत्र कोणाला सांभाळणार?
– वसुधा

---

वसुधाताई,
गंमत अशी की हे यंत्र जन्मलं तेच सांभाळून घेण्यातून, आणि तेही जपानमधल्या आमच्या कोबेत. दाइसुके इनोउए इथल्या बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. नोटेशन वाचता येत नव्हतं, त्यामुळे गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत वाजवायचे. तो रेंगाळला की हेही रेंगाळणार. हौशी गिऱ्हाइकांना असा वादक देवासारखा वाटला तर नवल काय! त्यांतल्या एका कंपनीच्या मालकाने सहलीला सोबत चला म्हणून गळ घातली. इनोउएंना जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यावरूनच पुढची कल्पना सुचली. 1971 साली त्यांनी ‘एट ज्यूक’ नावाची 11 यंत्रं बनवून घेतली आणि कोबेतल्या बारना भाड्याने दिली. आत गाडीतला टेप, ॲम्प्लिफायर, माइक आणि 100 येनचं नाणं टाकायची खाच.

पेटंट मात्र घेतलं नाही. पैसा दुसऱ्यांनी कमावला. इनोउएंना 2004 साली मिळालं इग नोबेल, म्हणजे नोबेलचं गमतीदार विडंबन असलेलं पारितोषिक, तेही शांततेचं: लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल! आपल्या कार्यक्रमांना बसलेल्या प्रेक्षकांनाही त्यातला वाटा मिळायला हवा.
– अविनाश, कोबे

---

अविनाशदादा, कोबेचा अभिमान ठीक, पण तोक्योचं काय? शिगेइची नेगिशी यांनी 1967 सालीच ‘स्पार्को बॉक्स’ नावाचं असंच यंत्र बनवलं होतं. ते 2024 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. पेटंट त्यांनीही घेतलं नाही. ते घेतलं फिलिपिन्सच्या रोबेर्तो देल रोसारिओंनी, आणि 1996 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात खटलाही जिंकले.
– मीनल

---

मीनल, मान्य! दोघांनी स्वतंत्रपणे केलं. पसरलं मात्र कोबेचं.

वसुधाताईंच्या मुद्द्यावर येतो. इथल्या कराओके बॉक्समधल्या, म्हणजे गाण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांमधल्या यंत्राला ‘की’चं, म्हणजे गाण्याची पट्टी वर-खाली करायचं बटण असतं. 1992 पासून गाणी फोनच्या तारेवरून यायला लागली ती ध्वनिमुद्रण म्हणून नव्हे, तर स्वरांची माहिती म्हणून. त्यामुळे पट्टी कितीही सरकवा, लय तीच राहते आणि वाद्यंही बिघडत नाहीत. आपण इंटरनेटवरून उतरवतो ते ट्रॅक म्हणजे तयार ध्वनिमुद्रण. ते दोन-तीन सूर खाली ओढलं की तबला ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो. मग लोक मूळ पट्टीतच गातात आणि अंतऱ्याला गळा फाटतो. दोष यंत्राचा कमी, आपल्या आळसाचा जास्त.
– अविनाश

---

अविनाश, पटलं. माझी पट्टी पेटीवरची काळी चार. माझ्या गाण्याचा ट्रॅक काळी पाचात आहे. मग काय करायचं?
– वसुधा

---

ताई, दोन अर्धसूर खाली, म्हणजे ‘उणे दोन’. एवढं बहुतेक खपून जातं. पण त्यात तबल्याचा तुकडा मोठा असेल तर दुसरा ट्रॅक शोधू.
– अविनाश

---

सर्वांसाठी: गाण्याच्या नावासोबत आपली पट्टी कळवा. ट्रॅक अविनाशदादा तपासतील. तबलजी येणारच आहेत, तेव्हा वसुधाताईंच्या गाण्याला तबला नसलेला ट्रॅक मिळाला तर उत्तम. पट्टी माहीत नसणाऱ्यांनी तालमीला अर्धा तास आधी यावं.
– समीर