अनुभव धागा: अंगावरचं दूध आणि बाळंतपणानंतरचं वजन

बाळंतिणीला दूध यावं म्हणून घरचे भरपूर खाऊ घालतात आणि सव्वा महिना झाला की तेच म्हणतात, "अगं, किती सुटलीस!" ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी इथे लिहावं. हकिकत नको, मापं हवीत. काय, किती, कधी आणि कुठे चुकतं.

बेळगाव, प्रसूती विभागातली नर्स

बाळंत होताना एकदम ५-६ किलो उतरतात. बाळ ३, वार अर्धा-पाऊण, बाकी पाणी आणि रक्त. पहिल्या आठवड्यात लघवी-घामातून आणखी दोनेक किलो पाणी जातं. हे आपोआप होतं. पोट मात्र पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखंच दिसतं, कारण गर्भाशय अजून एक किलोभर असतं. बेंबीपाशी हाताला लागतं, रोज साधारण बोटभर खाली सरकतं, दोन आठवड्यांनी वरून लागत नाही, सहा आठवड्यांत मूळ आकारावर येतं. बाळ ओढताना ओटीपोटात कळ येते ती गर्भाशय आवळण्याचीच. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्त येते. कळ येते म्हणून पाजणं थांबवू नये.

सहा आठवडे वजनाचा विचारच नको. आधी दूध बसू दे.

खानापूर, आशा कार्यकर्ती

आमच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. (आई-बाळाच्या नोंदीच्या कार्डाचं नाव कन्नडमध्ये 'ताई कार्ड', ताई म्हणजे आई. मराठी सासवा विचारतात, कुठल्या ताईचं कार्ड?) दर भेटीत पहिली तक्रार तीच, "दूध पुरत नाही". दहातल्या बऱ्याच घरी दूध असतं, पकड चुकलेली असते.

पकड अशी बघा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, मान वळलेली नको. बोंड बाळाच्या नाकासमोर धरायचं, वरच्या ओठाला लावायचं, जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वर जास्त दिसतो, खाली कमी. गालाला खळी पडत असेल किंवा चुटचुट आवाज येत असेल तर बाळ नुसतं बोंड चोखतंय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि परत लावा. तसंच ओढून काढलं की चिरा पडतात.

दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा. रात्रीचं चुकवू नका, दूध वाढवणारा संप्रेरक रात्री जास्त असतो. दूध पुरतंय का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत. जन्मवजन १०-१४ दिवसांत परत यावं, पुढे रोज २५-३० ग्रॅम. सुरुवातीला थोडं उतरतं, दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर दाखवा. घाबरून वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं. मग आईची ऊर्जाही कमी खर्च होते.

टिळकवाडी, आहारतज्ज्ञ

हिशोब सरळ आहे. रोजचं ७५० मिली दूध म्हणजे आईच्या अंगातून साधारण ५०० कॅलरी. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या जेवणापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त सांगतात. आता आपलं ताट बघा. चाळीस ग्रॅमचा डिंकाचा लाडू जवळजवळ २०० कॅलरी, मोठा चमचा तूप १३५. सकाळी दोन लाडू, दुपारी भातावर दोन चमचे तूप, संध्याकाळी वाटीभर शिरा. सहाशेचे हजार कधी झाले कळतही नाही, आणि बाई खाटेवर. पूर्वीची बाई सव्वा महिन्यानं रानात जायची, आताची जात नाही. लाडवाचा आकार मात्र तोच राहिला. गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची वडी) कुणी भेट आणलं तर तेही लाडवाच्या हिशोबातच धरा, वर नाही.

दिवसाला एक लाडू, तूप दोन-तीन लहान चमचे. उरलेली भर डाळ, अंडं, ताक, हुलगा, पालेभाजी यांनी काढा. अंगणवाडीतल्या मातृपूर्णच्या (गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांसाठीची कर्नाटक सरकारची योजना) जेवणात अंडं, दूध आणि चिक्की असते, ते घरी आणून सगळ्यांत वाटू नका. लोहाची गोळी सहा महिने चालू ठेवायची, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब.

दोन महिन्यांनंतर आठवड्याला अर्धा किलो उतरणं ठीक. रोज १८०० कॅलरींच्या खाली जाऊ नका. आधी आई थकते, मग दूध घटतं. निर्जळी उपवास पूर्ण बंद. खूप थकवा, केस गळणं आणि वजन हलत नसेल तर थायरॉइड तपासा. गरोदरपणात साखर होती तर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या, ही बहुतेक राहूनच जाते.

शहापूर, बाळंतिणीचे लाडू करून देणारी

डिंकाऐवजी अळिवाचा लाडू धरा, हलका पडतो. पाव वाटी अळीव, पाऊण वाटी नारळाचं पाणी, खवलेलं खोबरं दोन वाट्या, चिरलेला गूळ एक वाटी. अळीव दोन तास भिजवायचे. घाई केली की दाताखाली कचकचतात. सगळं एकत्र करून मंद आचेवर, कडेनं सुटून गोळा होईपर्यंतच. जास्त आटवलं तर गार झाल्यावर दगड होतो. जायफळ चिमूटभर. बारा लाडू होतात, एकेक साधारण १२० कॅलरी. ओल्या खोबऱ्याचे आहेत, फ्रीजमध्ये आठवडाभर.

निपाणी

लाडू-तुपाबद्दल सगळे बोलतात, तंबाखूच्या मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही. निकोटीन दुधात उतरतं, दूध कमी करतं, बाळ चिडचिडं होतं. विडी वळणाऱ्या किंवा तंबाखूत काम करणाऱ्या बाईनं घरी आल्यावर हात साबणानं धुवावेत, लुगडं बदलावं, मगच बाळाला घ्यावं. मिश्री सुटत नसेल तरी दूध तोडू नका. आधी पाजा, मग लावा.

चिकोडी, बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी

पाणी देऊ नका, पोट सुटतंय म्हणतात, ते खोटं बगा. पाणी तोडलं की शौचाला खडा होतो आणि टाके दुखतात. पाजायला बसली की हाताशी तांब्या. पाणी कोमट असू दे, पण पोटभर द्या. पोट दाबून चोळू नका, शिजर असेल तर टाक्यांवर हातच नको. आणि शेगडी! खोलीची दारं बंद करून निखारे ठेवतात, त्यातनं विषारी वायू सुटतो, त्याला वासबी नसतो. शेकायचं तर दार उघडं ठेवून, नाहीतर गरम पाण्याची पिशवी.

बेळगाव, फिजिओथेरपिस्ट

पट्टा किंवा जुन्या लुगड्याची घडी पाठीला आधार देते, चरबी उतरवत नाही. फार आवळली तर खालच्या स्नायूंवर दाब येतो आणि खोकताना लघवी सुटते.

पोटव्यायामाच्या आधी ही तपासणी करा. उताणं झोपून गुडघे वाकवा, बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा, डोकं थोडं उचला. मधल्या फटीत दोनाहून जास्त बोटं गेली किंवा मधोमध उंचवटा आला तर झोपून धड उचलणं (सिट-अप) आणि पाय उचलणं बंद. उलट श्वास सोडताना बेंबी आत ओढायची, ५ मोजायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा. लघवी अडवल्यासारखं आवळणं पहिल्या आठवड्यापासून चालतं. शिजर असेल तर सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही.

चालणं दहा मिनिटांपासून. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जा, नाहीतर पावसाळ्यात पडवीत फेऱ्या घाला. निघण्याआधी पाजून घ्या, छाती हलकी होते. व्यायामानं दूध आंबत नाही.

नर्स, परत

एक राहिलं. घट्ट ब्रा किंवा चुकलेलं पाजणं यानं छातीत गाठ धरते. पाजणं थांबवू नका, नेहमीसारखं पाजा. नंतर गार पट्टी. जोरात चोळून गाठ फोडायला जाऊ नका, सूज वाढते. लाल चट्टा आणि ताप दिवसभरात उतरला नाही तर दवाखाना.

आणि कामावर परत जाणाऱ्यांसाठी: काढलेलं दूध बाहेर चार तास. फ्रीजमध्ये आतल्या कप्प्यात, दारात नाही. आपल्याकडे वीज जाते, म्हणून २४ तासांतच संपवा. वाटी-चमच्यानं पाजा. गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.