मदत हवी आहे : संपूर्ण भुलीनंतरच्या उलट्या आधीपासूनच कशा टाळता येतील?

माझ्या धाकट्या बहिणीची पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीने होणार असून त्यासाठी तिला संपूर्ण भूल दिली जाईल. मागच्या एका शस्त्रक्रियेनंतर भूल उतरल्यापासून रात्रीपर्यंत तिला उलट्या होत राहिल्या आणि प्रत्येक उबळीसरशी पोटावरचे टाके ताणले जात होते. त्यामुळे या वेळी तिने शस्त्रक्रियेपेक्षा उलट्यांचीच धास्ती घेतली आहे. तिला लहानपणापासून गाडीही लागते. भूलतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेपूर्वी भेट होईल, तेव्हा त्यांना नेमके काय सांगावे आणि काय विचारावे? उलटीचे औषध त्रास सुरू झाल्यावरच देतात की आधीही देता येते? रात्रभर पाणीसुद्धा न पिता राहिल्यास उलट्या टळतात, असे घरातील काही जणांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे?

प्रतिसाद :

औषध आधीच देता येते, आणि आपल्या बहिणीच्या बाबतीत ते द्यायलाच हवे. अ‍ॅपफेल यांनी भुलीनंतरच्या उलट्यांचा धोका आजमावण्यासाठी ठरवलेल्या निकषांत चार गोष्टी पाहतात : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी असा त्रास झालेला असणे किंवा गाडी लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड वर्गातील (मॉर्फिनसारखी) वेदनाशामके लागणे. (धूम्रपान न करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, हे विचित्र वाटले तरी खरे आहे; म्हणून कोणी विडी ओढू नये.) प्रतिबंधक औषध दिले नाही, तर यांपैकी तीन गोष्टी लागू असणाऱ्यांत सुमारे 60 टक्के आणि चारही असणाऱ्यांत सुमारे 80 टक्के रुग्णांना मळमळ किंवा उलट्या होतात.

अशा रुग्णाला एकाच औषधावर न ठेवता वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन औषधे एकत्र देतात. सहसा डेक्सामेथासोन भूल देतानाच आणि ओन्डान्सेट्रॉन शस्त्रक्रिया संपत आल्यावर दिले जाते. पहिल्याने रक्तातील साखर वाढू शकते व दुसऱ्याचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास तो अवश्य सांगावा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न भुलीच्या पद्धतीचा आहे. श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या वायूंऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन पूर्ण भूल राखता येईल का, हे जरूर विचारावे, कारण त्याने हा त्रास बराच कमी होतो. पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी वेदनाशामके आणि जखमेच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन यांचा आधार घेतला, तर ओपिऑइडही कमी लागतात.

पाणी तोडण्याचा उपयोग नाही. उलट शरीर कोरडे पडून मळमळ वाढू शकते. सर्वसाधारणपणे घन आहार 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधी थांबवतात, मात्र आपल्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असल्यास तीच पाळावी.

इतके करूनही उलटी झाली, तर आधी दिलेले औषध लगेच पुन्हा देण्यापेक्षा वेगळ्या वर्गातील औषध अधिक उपयोगी पडते. त्याच दिवशी घरी सोडणार असतील, तर घरी घेण्याच्या गोळ्याही लिहून घ्याव्यात. मागच्या शस्त्रक्रियेच्या वेळची भुलीची नोंद मिळाली, तर ती भेटीच्या वेळी बरोबर न्यावी. तेव्हा कोणती औषधे वापरूनही त्रास झाला, हे त्यावरून भूलतज्ज्ञांना लगेच कळेल.