ओसा द्वीपकल्प (कोस्टा रिका): जंगल आणि समुद्राच्या मधल्या लॉजसाठी कोणती बाजू निवडावी?

मृण्मयी_ह्यूस्टन
आम्ही पाच जण आहोत: आम्ही दोघं, नऊ आणि बारा वर्षांची मुलं आणि सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे, अंडंही न खाणाऱ्या शाकाहारी). ओसामध्ये पाच रात्री राहायचं आहे. ड्रेक बे, काराते आणि गोल्फो दुल्से इथली लॉज बघितली. फोटोंमध्ये सगळीकडे मागे रान, पुढे समुद्र, त्यामुळे फरक कळत नाही. सुट्टी ऑक्टोबरमध्ये मिळते, नाहीतर थेट डिसेंबरअखेर. मुलांना कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात न्यायचंच आहे. कुठे राहावं आणि बुकिंगआधी काय काय विचारून घ्यावं?

आसमंत
आधी ऑक्टोबर बाद करा. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत जास्त पावसाचे महिने. कच्चे रस्ते नद्यांमुळे तुटतात, समुद्र खवळलेला असतो आणि बरीच लॉज तेव्हा बंदच असतात. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. डिसेंबरअखेर दर सर्वांत चढे असतात, पण हवा चांगली मिळते.

आता बाजू. खोलीचे फोटो बाजूला ठेवा आणि शेवटचा टप्पा कसा पार करायचा ते विचारा. खरा फरक तिथेच आहे.

काराते: ओसावरच्या पुएर्तो हिमेनेस गावापासून साधारण 43 किलोमीटर कच्चा रस्ता, दोन तास तरी लागतात, वाटेत ओढे-नद्या ओलांडायच्या. रस्ता संपतो तिथून काही लॉजना समुद्रकाठच्या वाळूतून चालत जावं लागतं, सामान घोडागाडीवरून येतं. पुळण उतरती आहे, लाटा जोरात फुटतात आणि पाणी आत ओढून नेतं. तिथे पोहायचं नाही, मुलांनी तर अजिबात नाही. रान अप्रतिम आहे, पण सासूबाईंसाठी ही बाजू मी सुचवणार नाही.

ड्रेक बे: सिएर्पे गावातून बोटीने तास-सव्वा तास. आधी खारफुटीतून शांत नदी, मग नदीच्या मुखाशी लाटा फुटतात तिथून बाहेर समुद्रात. उतरताना बहुतेक वेळा धक्का नसतो. गुडघाभर पाण्यात पाय टाकून किनाऱ्यावर यायचं, आणि तेही बोट हलत असताना. दुखऱ्या गुडघ्यांना हे जड जातं.

गोल्फो दुल्से: ओसा आणि मुख्य भूमीच्या मधलं खोल, शांत आखात. पलीकडच्या काठावर पिएद्रास ब्लांकास राष्ट्रीय उद्यान थेट पाण्यापर्यंत उतरतं. इथली लॉज गोल्फितो किंवा पुएर्तो हिमेनेसहून बोटीने गाठायची. उतरावं इथेही पाण्यातच लागतं, पण लाटा नसतात, त्यामुळे बोट स्थिर राहते. मुलांना पोहता येतं. रात्री पाण्याला हात लावला की चमकतं, हे अमावास्येच्या आसपास छान दिसतं. तुमच्या कुटुंबासाठी माझं मत याच बाजूला.

लॉजला लेखी विचारा: जेवणघरापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? बरीच लॉज टेकडीच्या उतारावर आहेत आणि 'समुद्र दिसणारी खोली' म्हणजे बहुधा सर्वांत वरची.

रानवाट
आसमंत यांच्याशी बाकी सगळ्यावर सहमत, पण कोर्कोवादो 'न्यायचंच' असेल तर हिशोब बदलतो. ड्रेकला विमानानेही जाता येतं. राजधानी सान होसेहून सान्सा या विमान कंपनीचं बारा आसनी सेस्ना विमान साधारण पाऊण तासात पोचतं. धावपट्टीपासून आगुहितास गावातल्या लॉजपर्यंत गाडी जाते, म्हणजे पाण्यात उतरणं टळतं. मात्र लॉज गावातच हवं. गावापुढे किनाऱ्याने असलेली बहुतेक लॉज बोटीनेच गाठावी लागतात. विमानात सामानावर कडक मर्यादा असते, तिकिटागणिक ती बदलते, आणि प्रवाशांचं वजनही विचारतात. चाकांच्या कडक बॅगा नकोत, मऊ बॅगा घ्या.

ड्रेकहून सकाळी सहाच्या सुमारास कोर्कोवादो उद्यानातल्या सिरेना ठाण्याकडे बोटी सुटतात, तास-दीड तासाचा प्रवास. मुलांना घेऊन तुम्ही दोघं जा, सासूबाई लॉजवर थांबू शकतात. अंगणातल्या देशी बदामाच्या झाडांवर लाल मकाव पोपट येतात, तेवढ्यासाठीही थांबावं असं आहे. उद्यानाचे नियम असे: 2014 पासून प्रमाणित गाइडशिवाय प्रवेश नाही, परवाना पासपोर्ट क्रमांकावर आधी काढावा लागतो आणि कोरड्या हंगामात जागा लवकर संपतात. विमानाच्या तिकिटाआधी परवान्याची तारीख पक्की करा. सिरेनाला बाहेरचं खाणं आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक नेता येत नाही, जेवण तिथेच आगाऊ नोंदवायचं. तिथल्या माकडांच्या चारही जाती आणि टेपिर (आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) दिसण्याची शक्यता सिरेनालाच सर्वांत चांगली. गाइडकडे दुर्बीण (स्कोप) आहे का ते विचारा, नाहीतर मुलांना नुसत्या हलणाऱ्या फांद्या दिसतील.

आसमंत
मान्य. गावातलं, कमी पायऱ्यांचं लॉज मिळालं तर ड्रेक ठीक. नाही मिळालं तर गोल्फो दुल्सेच.

औषधी_वनिता
इन्सुलिनबद्दल, कारण यात हमखास चूक होते. पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी तिथे भरवशाची नाही. ती पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते, आणि हवेत इतका दमटपणा असताना पाणी उडतच नाही. बऱ्याच खोल्यांत एसी नसतो, दुपारी पारा तिशीच्या वर जातो. इन्सुलिनची न उघडलेली पेनं लॉजच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये नाव लिहिलेल्या डब्यात ठेवायला सांगा. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून नकोत, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. फ्रिज रात्रभर चालू असतो का, हेही विचारा, कारण काही ठिकाणी सौरबॅटरी पावसाळी दिवसांनंतर रात्री उतरते. वापरातलं पेन किती तापमानात किती दिवस चालतं ते ब्रँडनुसार डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुप्पट साठा न्या आणि तो दोन बॅगांत वाटून ठेवा, विमानात हातातल्या सामानातच.

ड्रेकहून मोठं रुग्णालय बोट आणि गाडीच्या अंतरावर आहे. रात्री कुणाला हलवायचं झालं तर लॉज काय करतं, हे बुकिंगआधी विचारा. ज्याचं उत्तर गोलमोल येईल ते लॉज सोडा.

सापांपैकी तेर्सिओपेलो हा विषारी फुरसा-घोणसाच्या नातलगांतला, पानांच्या रंगाचा. संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय आणि बंद पादत्राणांशिवाय खोलीबाहेर पाऊल नको. पायवाटेवर गमबूट. लॉज ते देतात, पण मुलांची मापं कमी असतात, म्हणून मापं आधी कळवा आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे स्वतःचे न्या. आंबोलीसारखा जळवांचा त्रास तिथे नाही, पण गवतात कोलोरादिया नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे कमरेच्या आणि मोज्यांच्या कडेला चावतात आणि आठवडाभर खाज राहते. गवतावर बसू नका. मोज्यांना घरूनच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावून वाळवा.

मृण्मयी_ह्यूस्टन
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रिजचा आणि पायऱ्यांचा प्रश्न आजच मेल करते. जेवणाचं आणि भरतीचं कुणी सांगेल का? काही लॉज 'भरतीप्रमाणे वेळ ठरेल' असं लिहितात.

हर्णैकर
जेवण: भात आणि काळा घेवडा (गायो पिंतो), तळलेली पिकली केळी, पपई, अननस, कोबीची कोशिंबीर असं मिळतं. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर गोमांस नको असा अर्थ घेऊन चिकन वाढतात. म्हणून म्हणा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी उएवो' (मांस, चिकन, मासे, अंडं काहीच खात नाही). घेवड्यात डुकराची चरबी आहे का ते वेगळं विचारा: 'तिएने मान्तेका दे सेर्दो?' लॉज आठवड्याचा माल एकदम आणतात, त्यामुळे हे पोचल्यावर नव्हे, दहा दिवस आधी कळवा. सोबत मेतकूट, भाजक्या दाण्यांची चटणी, थालीपिठाची भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. खोलीत उघडं खाणं ठेवलं की मुंग्या आणि पांढऱ्या तोंडाची माकडं दोघंही येतात.

भरती: दिवसातून दोनदा, रोज साधारण 50 मिनिटं उशिरा, हे आपल्यासारखंच. उधाण (सर्वांत मोठी भरती) अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भांग (सर्वांत लहान भरती) अष्टमीच्या आसपास, हेही तेच. पण कोकणात आपण तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, ते गणित तिथे चालणार नाही. तिथलंच कोष्टक घ्या. उधाणाला पाणी तीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, म्हणजे सकाळी मोकळी दिसणारी पुळण दुपारी खडकांपर्यंत बुडते. किनाऱ्याने चालायला निघाल तेव्हा पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघा, म्हणजे परतताना पाणी अंगावर येत नाही. नद्यांच्या मुखाशी भरतीला उतरू नका, तिथे मगरी असतात आणि सिरेना नदीच्या मुखात बुल शार्कही.

अंधार वर्षभर सहाच्या सुमारास पडतो. सिएर्पेहून जाणार असाल तर दुपारची शेवटची बोट नको, साडेअकराच्या सुमाराची धरा. सान होसेहून सिएर्पे गाडीने पाच तास धरून चाला, म्हणजे आदल्या रात्री सिएर्पेजवळच्या पाल्मार गावी मुक्काम करणं बरं. रोख डॉलर आणि कोलोन (तिथलं चलन) तिथेच काढून ठेवा.