हॅमस्ट्रिंग परत तिथेच धरलं, काय चुकतंय?

राइटविंग: फुटबॉल खेळतो. मागच्या सीझनला स्प्रिंट मारताना मांडीच्या मागे कळ आली, आराम केला, दुखायचं थांबलं, खेळायला लागलो आणि परवा पुन्हा तिथेच. या वेळी काळंनिळं पण झालंय. स्ट्रेचिंग भरपूर करतो, तरी का? आणि आता बर्फ की शेक, घरात दोन पार्ट्या पडल्यात.

बाराव्वागडी: शेक नको आत्ता, आणि कोणी तेल लावून चोळायला आलं तर सरळ हात जोड. पहिले दोनतीन दिवस आत रक्त साकळत असतं, चोळून ते वाढतं. बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, त्याने ठणका कमी होईल, स्नायू लवकर भरेल अशी आशा धरू नको. अंथरूणही धरू नको, सोसेल तेवढं चालत राहा. पण कट्कन आवाज आला असेल, पाय टाकवत नसेल किंवा बोटाला खड्डा लागत असेल तर इथे विचारत बसू नको, डॉक्टरला दाखव.

तिरकाफटका: दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं ना, सगळे इथेच गंडतात. एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका जास्त असतो, त्यात आरामाने ताकद जाते ती वेगळीच. स्प्रिंटमधे पाय पुढे फेकलेला असतो ना, जमिनीला टेकायच्या जरा आधी, तेव्हा हॅमस्ट्रिंग ताणलेला असतो आणि तशातच पायाला ब्रेक लावत असतो, बहुतेकदा तिथेच जातो. नुसत्या स्ट्रेचिंगने तो ब्रेक मजबूत होत नाही, त्यासाठी नॉर्डिक कर. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून होईल तितकं हळू पुढे जमिनीकडे झुकत जायचं. हे नियमित करणाऱ्या टीम्समधे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासात दिसलंय. सुरुवातीला मांड्या जाम भरून येतात म्हणून लोक सोडून देतात, तर पाचपाचचे दोन सेटच घे. आत्ता लगेच नाही हां, आधी साधे ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची.

राइटविंग: ओके, मग मॅच कधी?

तिरकाफटका: तारीख ठरवू नको. दोन्ही पायांची ताकद सारखी वाटू दे, मग जॉगिंग, मग पाऊण वेगाने, शेवटी फुल स्प्रिंट, तेही बरेचदा आणि दमलेला असताना. मनात धाकधूक असेल तर अजून थांब.

बाराव्वागडी: आणि कोच विचारेल तेव्हा "आता दुखत नाही" एवढंच सांगू नको, लगेच उतरवेल तुला.