रविवारची डुमस सहल आणि पोराचं इन्सुलिन

ए-१०१ (सचिव काका): सोसायटीच्या मंडळींना नमस्कार. शनिवारी रात्रीच्या गाडीने सुरत, रविवारी दिवसभर डुमसच्या समुद्रावर, रात्री परत जळगाव. ४१ जण झालेत. जेवणाचं वगैरे कोणाचं काही खास असेल तर आत्ताच सांगा, मग ऐनवेळी नको.

बी-२०४: काका आम्ही तिघं येतोय. पोराला टाइप १ डायबेटीस आहे ते सगळ्यांना माहितीच आहे, ११ वर्षाचा आहे, दिवसातून ४ वेळा इन्सुलिन. समुद्र पहिल्यांदाच बघणार आहे तो. मला दोनच गोष्टी पाहिजेत, जेवणाची पक्की वेळ आणि सावलीतली एक जागा. बाकी मी बघते.

सी-३०१ (आजोबा): पोरी राग नको मानू पण मे महिन्याच्या उन्हात काबरं नेते त्याला? आजीजवळ ठेव ना एक दिवस. नाहीतर त्या दिवशी इंजेक्शनला सुट्टी दे, उगाच धावपळ.

बी-२०४: आजोबा राग नाही मानत, तुम्ही काळजीनेच बोलताय. पण सुट्टी नाही देता येत हो. त्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, बाहेरून नाही दिलं तर शुगर चढत जाते, रक्तात कीटोन म्हणजे आम्लं साठतात, उलट्या सुरू होतात आणि मग थेट दवाखाना. आणि घरी ठेवायचं म्हणाल तर शाळेच्या दोन सहली गेल्या त्याच्या अशाच, तो काही बोलत नाही पण बाकीची पोरं फोटो दाखवतात तेव्हा उठून आत जातो. ह्यावेळी मी त्याला नेणार आहे. डॉक्टरांशी बोलून झालंय, दिवसभर खेळणार म्हणून डोस किती कमी करायचा ते त्यांनी कागदावर लिहून दिलंय.

ए-३०४: वहिनी टेन्शन नका घेऊ, कोल्ड्रिंकसाठी मोठा आइस बॉक्स घेऊन राहिलो आम्ही, त्यातच टाका इन्सुलिनचं पेन, एकदम गार राहील 👍

बी-२०४: दादा थँक्यू पण बर्फात नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की फेकायचंच, परत वितळलं तरी कामाचं नाही. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत आणि वापरात असलेलं पेन साधारण ४ आठवडे बाहेर चालतं पण ३० डिग्रीच्या वर नको, आणि आपल्याकडे मे मध्ये घरातच ३० कुठे असतं. बर्फाच्या पिशवीला जाड टॉवेल गुंडाळायचा, पेन वेगळ्या डब्यात आणि मग दोन्ही एका पिशवीत, असं करते मी. मोठी भीती ही की खराब झालेलं इन्सुलिन बऱ्याचदा दिसायला चांगलंच दिसतं, आपण टोचतो आणि शुगर उतरतच नाही.

बी-१०३: ताई आमच्या सासूबाई लाइट गेली की इन्सुलिनची बाटली डब्यात घालून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायच्या, तसं करा की.

बी-२०४: काकू घरी मी पण करते तसं, लहान मडकं मोठ्या मडक्यात, मधे ओली वाळू. जळगावच्या कोरड्या हवेत भारी चालतं. पण समुद्रावर दमट हवा, पाणी उडतच नाही पटकन. आपला कूलर मुंबईच्या पाहुण्यांकडे कसा नुसती ओली हवा फेकतो तसंच. म्हणून तिथे फडक्यावर भरवसा नाही, पिशवीच. आणि भाड्याच्या बसमधे बॅग ठेवून खाली उतरायचं नाही, बंद गाडी उन्हात भट्टी होते.

ए-२०३ (काका): जेवणाच्या वेळेचं ताईने सांगितलं ते हलक्यात घेऊ नका. माझं ३०/७० वालं मिक्स इन्सुलिन आहे, म्हणजे लवकर लागू होणारं आणि हळू लागू होणारं एकत्र, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं. मागल्या वर्षी धुळ्याला लग्नात १ ला पंगत सांगितली म्हणून मी साडेबाराला टोचून घेतलं आणि सव्वादोन झाले तरी मंगलाष्टकंच चालू. मला दरदरून घाम, हात कापून राहिले, बोलताना शब्द सापडेना. सगळे म्हणे ऊन लागलं ऊन लागलं, लिंबूपाणी पाजा, आणि ते पण नुसतं मिठाचं. बायकोने शुगरचं मशीन लावलं तर ४८. तिने लाडवाच्या टेबलावरची साखर आणून पाण्यात घालून पाजली म्हणून आज लिहून राहिलो. तेव्हापासून पानात वरणभात किती वाजता पडणार ते नक्की कळल्याशिवाय मी सुई लावत नाही.

डी-१०२ (मावशी): मी ३१ वर्षं वॉर्डात नोकरी केली आहे म्हणून नीट लिहिते, सगळ्यांनी वाचा. उन्हात कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो, इन्सुलिन लवकर लागू होतं, वरून पळापळ, म्हणून शुगर अचानक खाली येते. पोटावर टोचा, मांडीवर टोचून लगेच वाळूत धावायला सोडू नका. आणि समुद्रावर माणूस आधीच ओला, घाम आलाय का पाणी आहे ते कळत नाही, त्यामुळे पोरगा चिडचिड करायला लागला, गप्प बसला, काहीतरीच बोलला की आधी तपासायचं. बोटं चांगल्या पाण्याने धुवून पुसून मगच टोचा, हाताला आमरस किंवा उसाचा रस लागलेला असला तर मशीन खोटी जास्त शुगर दाखवतं. ७० च्या खाली आलं की मोठ्या माणसाला १५ ग्रॅम म्हणजे ३ लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायचं. पोराला किती ते त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. केळी आपण डझनांनी नेणारच आहोत पण आधी साखर, सावरल्यावर केळं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ लावायचा, गुजरातमधे पण १०८ च आहे.

ए-३०४: बापरे. एवढं माहितीच नव्हतं मावशी. अजून काही?

डी-१०२ (मावशी): पाय. डुमसची वाळू काळी आहे, काळी वाळू उन्हात जास्त तापते. आपल्या ग्रुपमधे जुनी शुगरवाले ५-६ जण तरी आहेत, पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही, रात्री मोजा काढला की फोड दिसतो. अनवाणी कोणी फिरायचं नाही, पाण्यात सुद्धा पट्ट्याची सँडल. आणि वापरलेल्या सुया वाळूत टाकाल तर मला खपणार नाही, जाड प्लॅस्टिकची बाटली आणते मी, त्यात टाका.

ए-२०३ (काका): अजून एक, पेन विसरलं किंवा फुटलं आणि सुरतेत बाटली घ्यावी लागली तर सिरिंज बघून घ्या. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० युनिटवाली, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० ची असते. ४० ची खूण समजून १०० ची बाटली लाल सिरिंजने भरली तर अडीचपट इन्सुलिन जातं अंगात. दुकानदार घाईत असला तर काहीही हातात देतो.

बी-२०४: काका मी २ पेन नेतेय, एक माझ्याकडे एक ह्यांच्याकडे. शुगर तपासायच्या स्ट्रिपची डबी पण घट्ट बंद, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. समुद्रात असताना दर तासाला बाहेर बोलावून तपासणार, तो वैतागेल, वैतागू दे. आणि टोमॅटोची भजी खायची आहेत त्याला तिथली, खाऊ दे, मोजून इन्सुलिन देईन. कालपासून एकच विचारतोय, भुसावळला पुलावरून दिसते तीच तापी तिथे समुद्राला मिळते का. तीच रे बाबा म्हटलं, आपलंच पाणी.

ए-१०१ (सचिव काका): ठरलं. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. जेवणवाल्याला मी १२ ची वेळ देतो, आणि जेवण येऊन पोचल्याचं मी स्वतः येऊन सांगेन तेव्हाच ए-२०३ काका तुम्ही इंजेक्शन घ्या आणि ताई तुम्ही पोराला द्या. सावलीसाठी ताडपत्री घेतोय. ग्लुकोजचे पुडे ४, दोन डी-१०२ मावशींच्या बॅगेत, दोन बी-२०४ कडे, सगळ्यांनी लक्षात ठेवा.

बी-२०४: खूप बरं वाटलं काका. एकच राहिलं, दिवसभर खेळला की शुगर रात्री झोपेत पण पडते, तर परतीच्या गाडीत रात्री २ ला उठवून तपासावं लागेल. खालचा बर्थ मिळाला तर बघा.

सी-३०१ (आजोबा): माझा खालचाच आहे, तो पोराच्या समोरचा करून घ्या. मला तशीही झोप नसते, मी जागाच असतो. २ ला तुला उठवायचं काम माझं. फक्त ते मशीन कसं लावतात ते एकदा दाखव मला, तुला झोप लागली तर.

बी-२०४: उद्या संध्याकाळी येते आजोबा, त्याला घेऊनच येते. तोच दाखवेल तुम्हाला.